वाकळीवरचा तिसरा हात

तीन वर्षांत दोनदा कृष्णेचं पाणी जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंत चढलं, तेव्हा सांगलीच्या नदीकाठच्या गल्ल्यांमधल्या लोकांना उंचावर हलवायचं ठरलं. शालनबाई मगदूम यांच्या वाट्याला तिसऱ्या मजल्यावरचा दीड खोलीचा फ्लॅट आला. जुनं घर रिकामं करायला आठ महिन्यांची मुदत मिळाली.

आठ महिने पुष्कळ झाले असं कुणालाही वाटेल. पण शालनबाई त्या घरात त्रेचाळीस वर्षं राहिल्या होत्या आणि त्यांनी त्रेचाळीस वर्षांत काही टाकलं नव्हतं. लग्नात आलेले चार लेमन सेट खोक्यातून कधी बाहेर पडले नव्हते. नावं कोरलेली पातेली होती, त्यांतली निम्मी नावं आता हयात नव्हती. नववी-दहावीला विज्ञान शिकवून त्या निवृत्त झाल्या, त्यालाही दहा वर्षं झाली. तरी प्रयोगवह्यांचे गठ्ठे माळ्यावर तसेच. सहा वर्षांपूर्वी नवरा गेला, त्याचे शर्ट इस्त्री करून हँगरला लावलेले.

"आई, एका शनिवारी एक कपाट," पुण्याहून आलेल्या त्रिशलानं, त्यांच्या लेकीनं, फर्मान काढलं. "त्याहून जास्त नाही, कमी नाही."

पहिल्या शनिवारी पहिल्या कपाटातून एक गंजलेली खिसणी आणि मुदत संपलेलं खोकल्याचं औषध एवढंच बाहेर पडलं. बाकी प्रत्येक वस्तूची शालनबाईंनी वकिली केली आणि प्रत्येक खटला जिंकला.

दुसऱ्या शनिवारी त्रिशला एकटी आली नाही. तिच्याबरोबर मिरजेची नसीम मुजावर होती. पस्तिशीची, गोड बोलणारी बाई, आणि तिच्या खांद्याला शिवणयंत्राच्या पेटीएवढी एक पेटी.

"काकू, याला 'हातओळख' म्हणतात," नसीमनं पेटी टेबलावर ठेवली. "कुठल्या वस्तूला कुणाचा हात लागला, किती वेळा लागला, साधारण कधी लागला, ते सांगते. बाकी ठेवायचं की द्यायचं, ते तुम्ही ठरवायचं."

"कसं सांगते?" विज्ञानाच्या बाईंनी विचारलं. नुसतं 'सांगते' म्हटल्यानं त्यांचं समाधान होणार नव्हतं.

नसीमनं समजावलं आणि शालनबाईंनी ते एखाद्या हुशार विद्यार्थिनीचं ऐकावं तसं ऐकलं. माणूस ज्याला हात लावतो त्यावर स्वतःचं काहीतरी ठेवून जातो. तळहाताचं तेल असतं, कातडीचे न दिसणारे कण असतात, तिथं वस्तीला असलेले जिवाणू असतात. दोन माणसांच्या हातांवरची ही वस्ती कधी सारखी नसते. तेल हवेनं हळूहळू जुनं होतं, कणांमधल्या प्रथिनांची घडण ठरावीक वेगानं बदलत जाते, म्हणजे प्रत्येक स्पर्शाबरोबर एक बारीकसं घड्याळही चालू होतं. एका स्पर्शावर दुसरा बसतो, त्याच्यावर तिसरा, झाडाच्या खोडात वर्तुळं साचतात तसे. हे थर असतात हे शास्त्रज्ञांना पूर्वीपासून ठाऊक होतं. ते विस्कटू न देता एकेक करून वाचता येणं, एवढाच काय तो नवा शोध.

"पण तो हात कुणाचा, हे कसं कळणार?"

"तुमचा नमुना आत्ता घेते. गेलेल्या माणसाचा त्याच्या एखाद्या खास वस्तूवरून."

भूपालरावांच्या चष्म्याची दांडी दिली. सासूबाईंची, म्हणजे अव्वांची, जपमाळ दिली. आणि काम सुरू झालं.

पहिला धक्का हार्मोनियमनं दिला. भूपालरावांचा जीव की प्राण म्हणून शालनबाई ती दर दसऱ्याला पुसत होत्या. नसीम म्हणाली, "काकू, पट्ट्यांवर काकांचा हात शेवटचा लागला त्याला एकतीस वर्षं झाली. नंतर सगळे तुमचेच. तेही फक्त झाकणावर."

शालनबाई आठवून आठवून हसल्या. "खरंच की. शेजारच्यांनी तक्रार केली तेव्हापासून वाजवलीच नाही त्यांनी. मीच धरून बसले."

हार्मोनियम एका भजनी मंडळाला गेली.

आणि मग डबा आला. शाळेत न्यायचा तीन पुडांचा स्टीलचा साधा डबा, एक कडी वाकडी झालेली. त्रिशलानं तो देण्याच्या ढिगात टाकलाही होता. नसीमनं सहज म्हणून तो पेटीत ठेवला आणि पडद्याकडे बघत राहिली.

"काकू, हा डबा कुणाचा?"

"माझा. सत्तावीस वर्षं शाळेत नेला."

"कड्यांवर काकांचे हात तुमच्यापेक्षा जास्त आहेत."

शालनबाईंच्या डोळ्यांसमोर सकाळचे पावणेदहा उभे राहिले. त्या केसांत पिना खोचत असायच्या, आणि ओट्याशी बनियनवर उभे असलेले भूपालराव डब्याच्या कड्या लावून, एकदा उलटा करून, आमटी गळत नाही ना ते बघायचे. रोज. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करणारा माणूस, त्याला तपासल्याशिवाय चैन पडायचं नाही. सत्तावीस वर्षांत आमटी एकदाही सांडली नव्हती, आणि शालनबाईंच्या मनातही ही गोष्ट कधी आली नव्हती.

"हा राहू दे," त्या म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. बराच वेळ तिथून भांड्यांचा आवाज येत राहिला.

त्यानंतर मात्र घर भराभर हलकं होऊ लागलं. ज्या वस्तूंना कुणाचाच हात नव्हता, त्या सोडताना बाईंना फार जड गेलं नाही. लेमन सेट गेले, प्रयोगवह्या गेल्या. शर्टांपैकी एकच ठेवला.

सगळ्यांचंच असं गोड झालं, असं नाही. हातओळख गल्लीत घरोघर फिरली आणि लोक तिचा कौल मागू लागले. समोरच्या घरातल्या दोन भावांनी वडिलांच्या वस्तू वाटून घेण्याआधी वाचन करून घेतलं. आजारी वडिलांच्या कॉटच्या दांडीवर धाकट्याचे हात निघाले आणि पैशांच्या कपाटाच्या कडीवर थोरल्याचे. दोघं फ्लॅटच्या एकाच इमारतीत जाणार होते. थोरल्यानं मजला बदलून घेतला. काही घरांत बायका आवडत्या वस्तू आदल्या दिवशी कुरवाळून ठेवू लागल्या, म्हणजे यंत्राला वाटावं की वापर आहे.

शालनबाईंनीही हे केलं. एकदाच. अव्वांचा पितळी अडकित्ता त्यांना फार आवडायचा. पण सुपारी घरात कुणी खात नव्हतं. शुक्रवारी दिवसभर येता-जाता त्यांनी त्याला हात लावला.

शनिवारी नसीम गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "काकू, या अडकित्त्यावर अठरा वर्षांत एकही हात नाही. आणि काल एका दिवसात चाळीस."

त्रिशला हसून हसून खाली बसली. "आई, तू! पोरांना कॉपी करताना पकडायचीस ना गं?"

"ठेवायचा आहे तो मला," बाई लटक्या रागानं म्हणाल्या. "आवडतो म्हणून. एवढं कारण पुरतं की नाही?"

"पुरतं की काकू," नसीम म्हणाली. "मी कुठं नाही म्हटलं?"

पाचव्या महिन्यात पत्र्याची मोठी ट्रंक उघडली. वर कडुलिंबाचा वाळका पाला, खाली जुन्या धोतरात गुंडाळलेली वाकळ. अव्वांनी शिवलेली शेवटची. त्यांच्या इरकल लुगड्यांचे तुकडे, भूपालरावांच्या लहानपणीच्या सदऱ्याची चौकट, मधोमध लाल खणाचं फूल. ती कधी कुणी अंगावर घेतली नव्हती, कधी पाण्यातही घातली नव्हती.

"हिचं वाचन नको," शालनबाई चटकन म्हणाल्या. "ही राहणारच आहे."

पण नसीमनं तोवर घडी उलगडून एक पदर पेटीखाली सरकवला होता. इतक्या जुन्या, न धुतलेल्या कापडावर काय मिळतं याचं तिलाच कुतूहल होतं.

"अव्वांचे हात भरपूर," ती म्हणाली. "तुमचे अगदी थोडे. आणि तिसरा एक हात आहे. बाईचा. वय पन्नासच्या पुढचं. कणांवरून अव्वांच्या रक्ताची दिसते, मुलगीच असावी." मग तिनं कपाळाला आठी घातली. "गंमत आहे. हा तिसरा हात शिवणीच्या ओळीओळीनं गेलाय, अव्वांच्या थराच्या खाली. म्हणजे अव्वांच्या आधी. सगळा कापडावर. दोऱ्यावर मात्र कुठंच नाही. दोऱ्यावर फक्त अव्वा."

"म्हणजे एकही टाका तिचा नाही?" शालनबाईंनी विचारलं.

"दोरा तर तसंच सांगतो."

नसीम गेल्यावर त्रिशलानं विचारलं, "हा तिसरा हात पद्मा आत्याचा ना? या वाकळीवरूनच तुमचं बिनसलं होतं?"

त्रिशला तेव्हा पुण्यात कॉलेजला होती. तिला भांडण ठाऊक होतं, भांडणातले शब्द ठाऊक नव्हते. शालनबाईंनी ते आज पहिल्यांदा सांगितले. एकोणीस वर्षांपूर्वी पद्माचा, भूपालरावांच्या थोरल्या बहिणीचा, नवरा वारला. ती सात महिने माहेरी येऊन राहिली. ती परत सासरी गेली आणि त्यानंतर महिन्याभरात अव्वा गेल्या. पंधराव्या दिवशी सगळे बसलेले असताना पद्मा म्हणाली, मला बाकी काही नको, ती वाकळ द्या, अर्धी माझ्या हातची आहे. शालनबाई रोज पहाटे उठून बघत होत्या, खिडकीशी बसून अव्वा एकट्या शिवायच्या. नातवंडांसाठी शिवतेय म्हणायच्या. म्हणून त्या सगळ्यांसमोर बोलल्या, "वन्सं, खोटं कशाला बोलता? तुमचा एक टाका नाही यात. असला तर दाखवा."

पद्मानं काही दाखवलं नाही. उठली आणि गेली. भूपालराव दर भाऊबीजेला एकटेच जयसिंगपूरला जाऊन यायचे. ते गेले त्या दिवशी पद्मा आली, भावाच्या पायाशी बसली आणि वहिनीकडे न बघता परत गेली.

"मग तुझं खरंच होतं की," त्रिशला म्हणाली. "यंत्रही तेच म्हणतंय."

"दोऱ्याचं खरं आहे," शालनबाई म्हणाल्या. "पण ओळीओळीनं हात का गेलाय?"

"असेल बसली शेजारी. सोड ना आता."

पण मुलांनी उत्तर बरोबर लिहिलं आणि रीत चुकवली तर मगदूम बाई निम्मेच गुण द्यायच्या. त्यांना ते सोडवेना. चार दिवस ती वाकळ पलंगावर उलगडलेली राहिली. त्या येता-जाता शिवणीवरून बोट फिरवत. अव्वांचे टाके तांदळाच्या दाण्यांसारखे एकसारखे होते. पण चष्मा लावून उजेडात धरल्यावर त्या दाण्यांच्या आजूबाजूला बारीक बारीक भोकं दिसली. वेडीवाकडी, एकमेकांपासून लांब लांब. तिथून कधीतरी एक दोरा गेला होता आणि आता तो तिथं नव्हता.

नसीमनं दिलेला वाचनाचा अहवाल फक्त त्यांच्याकडे होता. तो पुसून टाकला असता, भोकं पाहिली नाहीत असं मानलं असतं, तर कुणी विचारायला येणार नव्हतं. त्यांनी गुरुवारी सकाळी वाकळ पिशवीत भरली आणि जयसिंगपूरची बस धरली. अर्ध्या तासाचा रस्ता.

पद्मा सोप्यात बसून चिंचा फोडत होती. चौऱ्याहत्तर वर्षांची, केस पार पांढरे, पण बसणं अजून ताठ. दारात सावली पडली तशी तिनं मान वर केली.

"कोण?"

"मी. शालन."

पद्माच्या हातातली चिंच हातात राहिली. आत सून रेडिओ लावून काहीतरी वाटत होती, तो आवाज तेवढा ऐकू येत राहिला. मग पद्मा म्हणाली, "चपला आत काढ. बाहेर ठेवल्या की कुत्रं नेतंय."

शालनबाईंनी चपला आत काढल्या. सुनेनं पाणी आणून दिलं, चहा ठेवायला गेली. हवापाण्याचं बोलण्याइतका धीर शालनबाईंपाशी नव्हता. त्यांनी सरळ वाकळ काढून दोघींच्या मध्ये पसरली.

"वन्सं, आमच्याकडे एक यंत्र आलं होतं. कुणाचा हात कुठं लागला ते सांगणारं. ते म्हणतं, हिच्यावर ओळीओळीनं तुमचे हात आहेत, पण दोऱ्यावर नाहीत. आणि मला ही भोकं दिसली. मी त्या दिवशी विचारायला पाहिजे होतं. ते आज विचारायला आले."

पद्मानं चिंचेचे हात पदराला पुसले. लाल खणाच्या फुलावर तळवा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. नंतर एकदम हसली, तोंडातला एकुलता सोन्याचा दात दाखवून.

"माझे टाके तू बघितलेस कधी? कोंबडी शाईत पाय बुडवून चालावी तसे. अव्वा म्हणायची, पद्मे, तुला शिवण शिकवण्यापेक्षा म्हशीला शिकवलेलं बरं."

"मग?"

"मग काय. हे गेल्यावर दुपार सोसायची नाही बघ मला. तू शाळेत, भूपाल कारखान्यात. घर गप्प. मी भिंतीकडं तोंड करून पडायची. एक दिवस अव्वानं सुई हातात दिली. म्हणाली, माझ्यानं आता एकटीनं होत नाही, हात लाव. झालं. रोज दुपारी मी अर्धा हातभर शिवायची. आणि पहाटे ती उठून माझं सगळं उसवायची आणि स्वतः घालायची. तू बघायचीस ते तेच."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"आठ दिवसांत कळलं. टाके एका रात्रीत सरळ व्हायला लागल्यावर कळणार नाही?"

"आणि तरी शिवत राहिलात?"

"मी शिवलं नसतं तर ती काय उसवणार होती?" पद्मा म्हणाली. "तिचाही जावई गेला होता की गं. तिलाही पहाटे झोप नव्हती. आम्ही दोघी त्याबद्दल कधी बोललो नाही. सात महिने मी घालायची, ती काढायची."

चहा आला. दोघींनी कपाला हात लावला नाही.

"त्या दिवशी तू म्हणालीस, एक टाका असेल तर दाखवा," पद्मा पुढं म्हणाली. "तू खोटं बोलली असतीस तर मी भांडले असते गं. मला भांडता येतं. पण खरंच नव्हता की एकही. काय दाखवणार होते?"

"मला सांगायचं तरी," शालनबाई म्हणाल्या आणि त्यांना रडू आलं. शाळेत, घरात, भूपालरावांच्या मागं, कुणासमोर न आलेलं रडू नणंदेच्या सोप्यात चिंचांच्या ढिगाशेजारी आलं. "पुरावा मागत बसले मी. अव्वांच्या पंधराव्याला. चुकलं माझं, वन्सं."

"चुकलं तर चुकलं. मीही काय थोडी आहे? भूपाल दर भाऊबीजेला म्हणायचा, ताई, एकदा ये. नाही आले." पद्मानं नाक ओढलं. "चहा पी. साय धरली त्याच्यावर."

चहा पिऊन झाल्यावर शालनबाईंनी वाकळीची घडी घालून ती पद्मापुढं सरकवली. "ही तुमची. तुम्हाला द्यायलाच आणलेय."

पद्मानं ती उचलली, पण मांडीवर घेऊन पुन्हा उलगडली. एका बाजूची कड तिनं बोटांनी चाचपली. "ही बाजू उघडीच आहे अजून. हिच्याआधी अव्वा पडली अंथरुणाला." तिनं शालनबाईंकडं पाहिलं. "घर हलवायचं कितपत राहिलंय तुझं?"

"स्वयंपाकघर आणि माळा."

"रविवारी येते. आठ दिवस राहीन. तुला एकटीला टाकवत नसणार काही, मला ठाऊक आहे. अव्वाच्या वरताण आहेस."

पद्मा आली ती खरंच आठ दिवस राहिली. नसीमला शालनबाईंनी फोन करून सांगितलं, या आठवड्यात यायला नको. माळ्यावरून एकेक वस्तू खाली यायची आणि पद्मा तिची हकीकत सांगायची. हे घंगाळ भूपालनं नदीत सोडलं होतं, नाव म्हणून. हा पाट मोडला तो माझ्या बारशाला नाही, तुझ्या नवऱ्याच्या. हकीकत ऐकून झाली की शालनबाईंना वस्तूचं ओझं वाटेनासं व्हायचं आणि ती सुखानं ढिगात जायची. काही वेळा दोघी कडाकडा भांडल्या, विशेषतः पुरणयंत्रावरून. ते शेवटी शेजारणीला गेलं, दोघींच्याही नाकावर टिच्चून. अडकित्ता मात्र पद्मानंही टाकू दिला नाही.

दुपारी जेवणं झाली की पद्मा खिडकीशी बसून वाकळीची उघडी कड शिवायची. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. शालनबाई सुईत दोरा ओवून द्यायच्या आणि समोर बसून भाजी निवडायच्या. एवढ्या जवळ बसून त्यांना ते टाके दिसत होते. त्या काही बोलल्या नाहीत. पहाटे मात्र त्यांना जाग यायची. वाकळ खुर्चीवर असायची, सुई तिच्यातच खोचलेली. शाळेत त्या शिवणाच्या परीक्षेला परीक्षक म्हणूनही बसायच्या, वाकडी शिवण बघितली की हात शिवशिवायचे. तिसऱ्या पहाटे तर त्यांनी सुई उपसून हातात घेतलीही. खिडकीतून फटफटेपर्यंत तशाच बसल्या, आणि मग सुई होती तिथं परत खोचून चहाचं आधण ठेवायला उठल्या.

सोमवारी त्रिशला गाडी घेऊन आली, आत्याला पोचवायला. घर इतकं रिकामं झालं होतं की तिच्या हाकेचा आवाज घुमला. पद्मा शेजाऱ्यांचा निरोप घ्यायला गेली होती. तिच्या बोचक्यात वर ठेवायला म्हणून त्रिशला वाकळीची घडी घालू लागली आणि थबकली.

"अय्या आई, ही शेवटची कड बघितलीस? किती वाकडी! बाकी सगळी कशी रेखीव आणि हे... आत्या यायच्या आत उसवून सरळ करून टाकू का? दहा मिनिटांचं काम आहे."

शालनबाईंनी तिच्या हातातून वाकळ काढून घेतली.

"हात लावशील तर बघ," त्या म्हणाल्या.